निरोप्या

“तुमचा मुलगा शिवी देतो,” बाई म्हणाल्या.

बालवर्गातल्या बुटक्या खुर्च्यांवर आईवडील अवघडून बसले होते. गुडघे छातीशी आले होते. मधल्या खुर्चीवर मुलगा होता. टेबलाच्या कडेचा सुटलेला रंग तो नखाने खरवडत होता.

“कसली शिवी?” वडिलांनी विचारलं.

“आयला म्हणतो. पडला, आयला. डबा उघडला नाही, आयला. बाकी बोलणं मोजकंच.”

“घरात कोणी शिव्या देत नाही.”

ते खरंच होतं. त्या घरात कधी कोणाचा आवाज चढला नव्हता. “भिंतीला कान लावला तरी तुमच्याकडचं काही ऐकू येत नाही हो,” असं शेजारच्या काकू एकदा कौतुकाने म्हणाल्या होत्या आणि मग जीभ चावली होती.

“शिवीचं जाऊ द्या,” बाई म्हणाल्या. “मुलं ऐकतात, दोन दिवस म्हणतात, विसरतात. मला काळजी वेगळीच आहे. हजेरीला सगळी मुलं ‘आहे’ म्हणून ओरडतात. हा नावाने हाक मारली तर मान वळवत नाही. वरच्या वर्गात घ्यायचं की वेगळ्या शाळेत पाठवायचं, ते मला आज ठरवायचंय.”

आई मुलाकडे वाकली. “बाबांना सांग, कानाच्या डॉक्टरांचं बाईंना सांगा म्हणावं.”

“आईला सांग,” वडील मुलाच्या डोक्यावरून म्हणाले, “डॉक्टरांकडे कोण गेलं होतं? ज्याने ऐकलं त्यानेच सांगावं.”

“कान ठणठणीत आहेत,” आईने बाईंना सांगितलं.

मुलगा रंग खरवडत राहिला. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. त्याने सांगावं अशी अपेक्षाही नव्हती. निरोप त्याच्या कानावर घातला की पोचला असं धरायचं, ही घरची रीत होती.

मुलगा पालथा पडायला लागला तेव्हापासूनची ती रीत. आई तेव्हा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. तिची रजा संपत आली होती. वडील लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचे. एकदा कामावरून येताना ते त्या दुकानात गेले आणि ती आता येणार नाही, असं मालकाला परस्पर सांगून आले. बाळाच्या भल्यासाठीच, असं त्यांचं म्हणणं. ती रडली नाही, भांडली नाही. मांडीवरच्या बाळाला म्हणाली, “बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.” त्यांना वाटलं, राग आहे, जाईल. त्यांनीही बाळालाच म्हटलं, “आईला सांग, भूक नाही.”

राग कधीचाच गेला. रीत राहिली. आंघोळीचं पाणी, विजेचं बिल, सासऱ्यांचं दुखणं, सगळं त्या एवढ्याशा कानांतून जाऊ लागलं. त्यात आता कडवटपणाही नव्हता. दात घासावेत तसं होतं ते.

बाई हसल्या. त्या निवृत्तीला आलेल्या होत्या. “आम्हीसुद्धा असंच बोलायचो, सासूबाई समोर असल्या की. ‘बाळा, विचार रे तुझ्या बाबांना, चहा घेणार का?’ आणि बाळ पाळण्यात झोपलेलं! पण एकदा खोलीचं दार लागलं की मग काय, माझं तोंड बंद करता करता यांना पहाट व्हायची.”

दोघंही हसली नाहीत. बाईंनी वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे. मग आपली खुर्ची मुलासमोर ओढून घेतली आणि वडिलांकडे बोट केलं.

“हे कोण रे?”

“बाबांना.”

“आणि ही?”

मुलाने आईकडे पाहिलं. “आईला.”

शिवी नव्हतीच ती. पडलं-झडलं की तो आईला हाक मारत होता, त्याला येत होती तशी.

बाईंनी मुलाच्या छातीवर बोट टेकवलं. “आणि हा कोण?”

“सांग.”

“अरे, बाई तुला विचारताहेत,” वडील म्हणाले. “तुझं नाव!”

“सांग,” मुलगा पुन्हा म्हणाला आणि त्याने स्वतःच्या छातीवर थाप मारली.

त्याचं नाव दोघांनी मिळून ठेवलं होतं, तो जन्मायच्याही आधी. पुढे ते फक्त शाळेत घालताना लागलं.

बाईंनी हजेरी घ्यावी तशी हलकेच हाक मारली, “सांग?”

“आहे!” मुलगा ओरडला.

वेगळ्या शाळेचा विषय बाईंनी पुन्हा काढला नाही. “वरच्या वर्गात बसू दे,” एवढंच म्हणाल्या. “मुलात काही खोट नाही. जे कानावर पडलं ते शिकलाय.”

बाहेर रखरखीत ऊन होतं. तिघं फुटपाथवरून चालू लागली, मुलगा मध्ये, दोघांचं एकेक बोट धरून. आता आपल्याला रडू येईल, असं आईला वाटत होतं. आलं नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

कोपऱ्यावर गाड्या जाईपर्यंत थांबावं लागलं. वडिलांनी सवयीने मुलाकडे मान झुकवली. “आईला...” म्हणाले आणि थांबले. मान वर केली. घसा खाकरला. ओठ नुसतेच हलले, मग शब्द आला.

“अगं.”

कोणाला हाक मारली ते बघायला तिने मागे वळून पाहिलं.