पट्ट्यातलं शिसं

"सूटमधली हवा सोडा, श्वास रोखा आणि अजिबात हलू नका," परीक्षक बाई धक्क्यावरून पाण्यातल्या तिला म्हणाल्या. पाणी तिच्या डोळ्यांपाशी थांबायला हवं होतं. ती मात्र दगडासारखी खाली गेली.

बाईंनी दोरीने तिला वर ओढलं. पाठीवरची टाकी मुद्दाम रिकामी होत आलेली दिली होती. हवा संपत आली की माणूस हलका होतो, म्हणून वजन तेव्हाच्या मापाने जुळवायचं. पण ही तशा टाकीनेही बुडत होती.

"वजनाचा पट्टा कोण भरतं तुमचा?"

"नवरा."

क्लबात पाणबुड्याचं काम तोच शिकवायचा. कुणाच्याही वजनात गुंजभर इकडचं तिकडे होऊ द्यायचा नाही.

ती मात्र या परीक्षेत दोनदा आपटली होती. बुडायला लागली की घाबरून सूटमध्ये हवा भरायची, ती हवा पायांत जायची, की पाय वर आणि डोकं खाली. सरावात मग नवरा येऊन हात धरायचा. जड वाटतंय म्हटलं की सगळ्यांसमोर म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसायचे, तीही हसायची. आज पास झाली तर धरण तपासणाऱ्या पथकात नोकरी होती, दुसऱ्या गावी, स्वतःच्या भरवशावर. पुन्हा संधी मिळणार नव्हती.

बाईंनी पट्ट्यातून शिशाचे ठोकळे एकेक करून काढले. चौथा निघाला तेव्हा पाणी तिच्या डोळ्यांपाशी येऊन थांबलं.

मग भरलेली टाकी लावून ती खोल गेली आणि मधल्या पाण्यात थांबली. आडवी, शांत, कुणाचाही हात न धरता. मास्कच्या आत तिला रडू आलं.

"पास. पण तुमच्या नवऱ्याशी बोलायला हवं," वर आल्यावर बाई म्हणाल्या.

"नको, बाई. होते चूक माणसाच्या हातून." चारचौघांत त्याची फजिती व्हावी असं तिला वाटत नव्हतं. पट्टा तिथेच ठेवून ती आत गेली.

शिक्षकांना परीक्षेच्या वेळी धक्क्यावर मनाई होती. तो कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसला होता.

"पास झाले," ती म्हणाली. "वजन जरा जास्त होतं, एवढंच. बाईंनी कमी केलं."

त्याने खाली बघतच विचारलं,

"चारही काढले?"

आकडा तिने सांगितलाच नव्हता.