पेमाबाईंचा चहा

सत्त्याण्णवच्या थंडीत नगरला स्वेटर विकायला आलेल्या पेमाबाईंना आमच्या वस्तीनं विहारात बोलायला बोलावलं. त्यांचा तिबेट चीननं घेतला, अन् त्या लहान असताना बापाच्या पाठीवर बसून डोंगर उतरल्या, हे आमाला तवा कळलं. भाषण झाल्यावर आई त्यांना घरी घेऊन आली. पाहुण्यांच्या कपात चहा दिला.

पेमाबाईंनी चहात बोट बुडवलं अन् थेंब हवेत उडवले.

आईचा चेहराच उतरला. तिच्या माहेरी दुकानदार आमच्या लोकांच्या पैशावर असंच पाणी शिंपडायचा, मगच उचलायचा.

मी ताडकन उठले. "आमचा चहा बाटलेला वाटतो का? ठेवा तो कप खाली."

"बाटलेला? मतलब?" पेमाबाई गोंधळल्या. मी बोटानं थेंब उडवून दाखवले. मग त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडं हात केला. "पहला इनका. हमारे में ऐसाच करते."

अन् सगळा चहा पिऊन कप पुढं केला. "और है?"

आईनं कप काठोकाठ भरला, मग माझ्याकडं बघितलं. "बघ. न्हाईतर तू, उठल्या उठल्या आधी सोताच ढोसतीस."