घासलेली कड

पोलादाची तिसरी पट्टीही कडेपासून चिरली. आवाज फार मोठा झाला नाही, वाळकी काटकी मोडावी तेवढाच. पण भाचा पाण्याचा पेला हातात तसाच धरून उभा राहिला.

"ताकद भरपूर आहे हिच्यात," तो म्हणाला. "वाकायलाही ना नाही. एकदा कापली की मात्र कड दगा देते."

"तीन सुनांचं घर आहे तुझं हे पोलाद," मावशी म्हणाली. "एकीची समजूत घालावी तर दुसरी रुसते."

एरवी तो हसला असता. चाचणीच्या खोलीत सगळेच तिला मावशी म्हणत, पण सख्खी मावशी ती या एकट्याचीच. बहिणीच्या मागे तिनेच वाढवलेला. पोलादाच्या पट्ट्या कापून, त्यांवर आकडे टाकून चाचणीला देण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती, आणि हे नवं पोलाद त्याचं होतं. मोटारीच्या दोन दारांमधल्या खांबासाठी. पातळ, हलकं आणि धडकेत टिकेल असं. मऊ करावं तर ताकद जाई. कडक करावं तर कापायच्या मशीनचं पातं बोथट होई, आणि बोथट पात्याने कापलेल्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडत. पट्टी तिथूनच फाटे.

"किती वाजता येणार तो माणूस?"

"अर्ध्या तासात. त्याच्यासमोर फुटली की संपलं. वरचे लोक भट्टी दुसऱ्याच्या पोलादाला देणार, आणि माझी चार वर्षं पाण्यात." त्याने पेला खाली ठेवला. "दोन महिने मिळाले असते ना मावशी, फक्त दोन, तर कडेचंही जमवलं असतं मी."

तो पाहुण्याला आणायला फाटकाकडे गेला.

मावशीने नव्या तीन पट्ट्या काढल्या, एकेक करून पकडीत घट्ट आवळली आणि एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. कापलेल्या कडांवर कानस मारली. वरून पॉलिश पेपर फिरवला, बोट सुळकन जाईपर्यंत. मग टेबलावरचा कीस फडक्याने टिपून घेतला. दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, ती स्वतःशी म्हणाली. तेवढ्यात कुणाचं काय बिघडतंय.

मोटार कंपनीचा पाहुणा अंगाने भरलेला आणि बोलघेवडा निघाला.

"काय मावशी, पट्ट्या मशीनवरच कापल्यात ना? का बसून कात्रीने?"

"मशीनवरच, साहेब," ती म्हणाली. तेवढं खोटं नव्हतं.

पहिली पट्टी दाबाखाली वाकली, आणखी वाकली, केसांच्या आकड्यासारखी दुमडली. चीर नाही. दुसरीचं तेच. तिसरीचंही तेच. पाहुण्याने भिंग काढून दुमड नीट न्याहाळली. कडेकडे पाहायचं काही त्याच्या मनात आलं नाही.

"लोण्यासारखी वाकली की हो!"

भाच्याने दुमडलेली पट्टी उचलली. सवयीने अंगठा कडेवरून फिरवला, आणि अंगठा मध्येच थांबला. त्याने मावशीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. माग, ती मनात म्हणाली. आता मागून घे दोन महिने.

"कारखान्यात पट्ट्या अशाच कापून घ्यायच्या ना?" पाहुण्याने विचारलं. "आमच्याकडे दिवसाला हजारो निघतात. कडा घासत बसायला कुणाला वेळ नाही."

"अशाच," भाचा म्हणाला. "मशीनमधून निघतील तशाच."

"मग पुढच्या महिन्यात सुरू करायचं?"

मावशीने श्वास रोखला.

"याच महिन्यात करू," भाचा म्हणाला.

पाहुणा चहाला वर गेला. खोलीत दोघंच उरली.

"दोन महिने म्हणाला होतास."

"ते पट्टी फुटत होती तेव्हा."

"फुटतेच आहे रे ती! मी कानस मारली म्हणून पोलाद बदललं का?"

"हळू बोल." त्याने दार लोटून घेतलं. "सगळ्याच काही फुटत नाहीत. आणि फुटली तरी धडक बसेल तेव्हा. धडक काय रोज बसते?"

"त्या खांबाला टेकून कोण बसतं?"

चाचणीची वही उघडून तो लिहू लागला. कडा: मशीनवर कापलेल्या, न घासलेल्या. मग त्याने वही तिच्यापुढे सरकवली. पट्ट्या तयार करणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती.

"सही कर."

"आधी ते खोड. कानस मारली असं लिही. मी मारली, असंही लिही. मग करते."

"मावशी, माझ्यासाठीच केलंस ना तू?"

"तुझ्यासाठीच केलं," ती म्हणाली. "तिथेच चुकले." तिने पेन टेबलावर ठेवून दिलं.

त्याने ते उचललं. चिडला नाही, घाईही केली नाही. वही आपल्याकडे वळवली आणि त्या जागेवर तिचं नाव लिहिलं. पहिलं अक्षर जरा उभट, शेवटी लांब आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. शाई वाळावी म्हणून त्याने हलकेच फुंकर घातली.

मावशी चष्मा सारखा करून त्या सहीकडे बघत राहिली.

"शाळेत प्रगतिपुस्तकावर माझी सही करायचास," ती म्हणाली, "तेव्हा टिंबं विसरायचास. म्हणून सापडायचास."