आठ दिवसांची रेघ

"मुकुंदराव, तुमास्नी भेटाया कुनी म्हातारं आलंय. टेशनवरनं थेट हितंच आलंय म्हनं!" रावजी रंगखात्याच्या दारातून ओरडला.

मुकुंदने रंगाची पुडी तराजूत ठेवली. एकदा तोलली, पुन्हा तोलली, तिसऱ्यांदाही तोलली. सोलापूरच्या त्या गिरणीत या सवयीवरून अकरा वर्षं त्याची थट्टा चालली होती. मग त्याने दाराकडे पाहिलं. दारात वेणीमाधवराव उभे होते.

सव्वीस साली मुकुंद आणखी एका मुलासोबत दक्षिणेतल्या एका वेधशाळेत उमेदवारी करत होता आणि वेणीमाधवराव तिथले मुख्य होते. तिथे ताऱ्याचा उजेड लोलकातून फाकवून काचेवर त्याचा फोटो घेत. काचेवर एक काळसर पट्टा उमटे आणि त्यात केसासारख्या बारीक, पांढुरक्या रेघा. लोखंडाच्या रेघा वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या. दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजल्या, की ताऱ्याच्या पृष्ठभागावर काय आहे ते कळे. मोजायचं काम मुकुंदचं. एका अंधुक ताऱ्याच्या काचेवर त्याला स्ट्रॉन्शियमची रेघ दिसली. चंद्रज्योतीला लाल रंग देतो तो हा धातू. त्या जातीच्या ताऱ्यात ही रेघ सहसा नसते. मुकुंदने ती वहीत नोंदवली आणि त्याच दिवशी बार्शीला आण्णांना, म्हणजे वडिलांना, पत्र टाकलं. आण्णा शाळामास्तर. त्यांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं.

पंधरा दिवसांनी चौकशी बसली. वेणीमाधवरावांनी त्याच ताऱ्याची दुसरी काच पुढे ठेवली. तिच्यावर ती रेघ नव्हती. "तारा तोच, दुर्बीण तीच, आणि अंतर फक्त चार दिवसांचं," ते म्हणाले. "चार दिवसांत ताऱ्यातला धातू कुठे जात नसतो. पहिल्या काचेवरची रेघ सुईने ओरखडलेली आहे." त्यांच्या शब्दापुढे ती काच हातात घेऊन पाहायची तसदीही कुणी घेतली नाही.

मुकुंदने सुई लावली नव्हती. पण काच त्यानेच पुसली होती. पुसताना आपल्याच हातून ओरखडा गेला असेल आणि आपण वेडे त्यालाच रेघ समजलो, असं त्याला त्या रात्री वाटू लागलं. सकाळी त्याने माफीपत्र लिहून दिलं. नोकरी गेली. ते माफीपत्र कुणीतरी बार्शीपर्यंत पोचवलं. आण्णांनी मुलाशी बोलणं टाकलं. पाच वर्षांनी ते गेले, तेही न बोलताच.

"मद्रास मेलने पुण्याला निघालो होतो," वेणीमाधवराव बाकावर टेकत म्हणाले. "पेन्शन घेतली. म्हटलं, वाटेत उतरावं, तुला हे दाखवावं."

त्यांनी पिशवीतून एक छापील निबंध काढला. वर त्यांचं एकट्याचं नाव होतं. मुकुंद पहिलं पान वाचू लागला आणि मध्येच थांबला. त्या ताऱ्यावरची स्ट्रॉन्शियमची रेघ आठ दिवसांत एकदा ठळक होते आणि पुन्हा मावळते, असं तिथे लिहिलं होतं.

"म्हणजे... ओरखडा नव्हता तो?"

"नव्हता. तू बरोबर पाहिलंस."

मुकुंदने रंगाने निळे झालेले हात धोतराला पुसले आणि वाकून म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. "आण्णा असायला हवे होते," एवढंच तो म्हणाला. रावजी दारात थबकला. काहीतरी मोठं घडतंय हे त्याला समजलं. तो न सांगताच चहा आणायला गेला.

चहा आला. वेणीमाधवराव बशीत ओतून सावकाश पिऊ लागले. मुकुंदचा चहा निवत राहिला. तो पानं उलटत होता. शेवटच्या पानावर काचांची यादी होती, तारखांसकट. त्याने ती एकदा वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

"पहिल्या एकोणीस काचा तेवीस-चोवीस सालच्या आहेत," तो म्हणाला. "मी यायच्या आधीच्या."

"हो."

"म्हणजे रेघ येते आणि जाते, हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. आता खोटं बोलायचं माझं वय राहिलं नाही."

"मग चौकशीत ती दुसरी काच..."

"मीच निवडून काढली होती. रेघ नेमकी मावळते त्या दिवसाची."

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. माणसं जेवणाचे डबे आवरून कामावर परतू लागली. मुकुंद उठला नाही. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"तू? काहीच नाही." वेणीमाधवरावांनी बशी खाली ठेवली. "कायमची जागा एकच होती, मुकुंदा, आणि ती तुझी होती. ती मिळाल्याशिवाय तुझ्यासोबतचा तो दुसरा उमेदवार माझ्या मुलीशी, मालतीशी, लग्नाला उभा राहत नव्हता. म्हणून त्या ताऱ्याची रेघ असलेली काच मुद्दाम तुझ्या टेबलावर ठेवली. तुझी नजर फार चांगली रे, त्यावरच तर सगळं जमलं. दुसऱ्या कुणाला ती रेघ दिसलीच नसती."