पाण्याची तुला

तुलेच्या एका पारड्यात स्टीलच्या कळश्या सहा. त्यांतल्या पाच काठोकाठ, सहावी निम्म्याहून कमी. समोरच्या पारड्यात रिकाम्या कळश्यांच्या भाराइतके दगड. ते थंकमणीने स्वतः तोलून ठेवले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं वजनं करणारी बाई ती.

"पाण्याची तुला?" देवळाचा कारकून शंकुण्णी हसला. "लोक साखर आणतात, केळी आणतात. देवाला निदान गूळ तरी दाखवायचास!"

"गेल्या वर्षी तांदूळ आणले होते, शंकुण्णीचेट्टा. आमच्या वस्तीतले म्हणून दारातूनच परत धाडलेत."

"ते तुलेचे नव्हते," मागून गोविंद कुरुप्प म्हणाले. देवळाचा कारभार त्यांच्या हातात. "तुलेत पारडी सम झाली की वस्तू देवाची. ती परत करायची नसते. रीत आहे."

"हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." आजची वस्तू परत न्यायची नाही, असं ठरवूनच थंकमणी आली होती. दगडांशेजारी, त्याच पारड्यात ती मांडी घालून बसली.

सहाव्या कळशीत आणखी तांब्याभर पाणी पडलं. पारडी सम झाली. पुजाऱ्याने फूल टाकलं.

देवळाची विहीर महिन्यापूर्वीच आटली होती. टँकरचा तीन दिवस पत्ता नव्हता, आणि उत्सवाचं पायसम अजून चुलीवर चढायचं होतं. सहाही कळश्या तशाच मुदपाकात गेल्या.

"नदीवरून एवढं एकटीने वाहिलंस?" शंकुण्णीने विचारलं.

"ओझ्याची सवय आहे."

दुपारी पंगती उठल्या. कुरुप्पांनी पायसम दोनदा मागून घेतलं होतं, वर पानही बोटाने निपटलं होतं.

"यंदा चव काही वेगळीच रे!" ते आचाऱ्याला म्हणाले.

"हात माझा तोच आहे. पाणी गोडं मिळालं."

शंकुण्णीने तुलेची वही उघडली. "नाव, थंकमणी. वस्तू, पाणी. नदीच्या कुठल्या घाटावरचं लिहू?"

"घाटावरचं नाही. आमच्या वस्तीतल्या विहिरीचं."

लेखणी थांबली. कुरुप्प हात धुता धुता वळले.

थंकमणीने वही आपल्याकडे ओढली आणि उरलेलं स्वतः लिहिलं. वजन एकोणपन्नास किलो तीनशे ग्रॅम. जेवलेली पानं दोनशे चौदा. कढईत शिल्लक, शून्य.