न ठेवलेला दिवस

पक्षाघातानंतर इंदुमतीबाईंच्या मेंदूत नवी आठवण टिकत नसे. कानामागे बसवलेल्या चकतीत त्यांचा दिवस तात्पुरता साठायचा. झोपण्यापूर्वी तो जतन केला तर कायमचा राहायचा, नाहीतर सकाळी पुसला गेलेला असायचा. हे काम सून मृणाल करायची.

घाटात गाडी कोसळून तिचा नवरा श्रीरंग गेला, तेव्हा मृणालने सासूबाईंना जवळ बसवून सगळं सांगितलं. बाई खूप रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आजचा दिवस ठेवू नकोस गं. लेकाचं मरण घेऊन जगायचं बळ नाही माझ्यात."

"उद्या तुम्ही त्याला विचाराल, आई."

"कामावर गेलाय म्हणून सांग."

मृणालने दिवस जतन केला नाही.

सकाळी बाई हसतमुखाने उठल्या. "श्रीरंग चहा न घेताच गेला का?"

"घाईत होता," मृणाल कशीबशी म्हणाली.

बाईंनी तिचे सुजलेले डोळे पाहिले. "भांडलात वाटतं? संध्याकाळी येऊ दे, चांगली खरडपट्टी काढते त्याची," असं म्हणत त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या हाताखाली मृणालला रडताही येईना.