चांदीची पट्टी

घरी येऊन ड्रेसिंग करणारी नर्स गरिमा राजलक्ष्मीबाईंपुढं अगदी हात टेकायला आली होती. तिनं संध्याकाळी तळपायाच्या जखमेवर पट्टी लावावी आणि सकाळी आंघोळीला जाताना आजींनी ती काढून फेकावी. पारोशी पट्टी घेऊन देवापुढं कसं बसायचं?

"आजी, शुगर आहे तुम्हाला. पाय जाईल हो!" सांगून सांगून तिचा घसा बसला. शेवटी डॉक्टरांना विचारून तिनं चांदी असलेली महागडी पट्टी आणली.

"यात चांदी आहे, अस्सल. चांदीला कसलं आलंय सोवळं-ओवळं? आता तीन दिवस, मी येईपर्यंत, हात लावायचा नाही."

आजींचा चेहरा खुलला. "मग हे आधी नाही का सांगायचं?"

चौथ्या दिवशी गरिमा आली, तर पाय उघडा. आणि पट्टी अंगणात, घासलेल्या निरांजनाशेजारी उन्हात वाळत पडलेली.

"आजी! हद्द झाली आता!"

"ओरडू नकोस. काळी पडली होती, म्हणून विभूतीनं घासली." मग आवाज खाली आणून आजी कळवळून म्हणाल्या, "हात दुखेस्तोवर घासली, पण चमकायचं नाव नाही. पोरी, दुकानदारानं तुला ठकवलं गं."